गिझर नसलेलं शहर

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथं नीट केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजची गोष्ट एका गिझरपासून सुरू होते. म्हणजे खरं तर, नसलेल्या गिझरपासून.

कंपनीने मला तीन महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं, स्टॉकहोमला. महिना जानेवारीचा. बाहेर उणे अकरा. राहायला फ्लॅट मिळाला हामार्बी शोस्टाड नावाच्या भागात. नावाचा अर्थ साधारण ‘हामार्बीचं तळ्याकाठचं शहर’. आत शिरलो, जॅकेट काढलं, स्वेटर काढला, आणि दहा मिनिटांत टीशर्टवर आलो. मग आंघोळ करावी म्हणून बाथरूममध्ये गेलो आणि सवयीने गिझरचं बटण शोधायला लागलो. ते लाल दिवा असलेलं. नाही सापडलं. दरवाज्याबाहेर पाहिलं, किचनमध्ये पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. गिझरच नाही. शेवटी वैतागून नळ सोडला तर थोड्या वेळात कढत पाणी!

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न जेवलास का, आणि दुसरा, “गिझर बंद केलास का रे?” हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून चार वेळा विचारला जातो. मी म्हटलं, “अगं आई, इथं गिझरच नाहीये.” तिला वाटलं मी थंड पाण्याने आंघोळ करतोय. पुढची पाच मिनिटं त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टीममधल्या एका स्वीडिश मुलाला विचारलं, माझ्या फ्लॅटचं पाणी गरम कोण करतं? तो म्हणाला, “शहर.” मी म्हटलं, म्हणजे? तर कॉफी ढवळत अगदी शांतपणे म्हणाला, “काल तू आंघोळ करून जे पाणी मोरीत सोडलंस ना, त्यातली ऊब शहर परत काढून घेतं. थोडी कचऱ्यातून काढतं. आणि पाइपातून तुला परत पाठवतं.”

मी हातातली कॉफी खाली ठेवली. पुढचे तीन महिने, ऑफिस सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी, मी याच एका गोष्टीच्या मागे होतो.

आधी प्रकार काय आहे ते सांगतो. माझ्या आजोळी परसात तांब्याचा एक मोठा बंब होता. घरात माणसं अकरा, बंब एक. पहाटे मामी पेटवायची आणि सगळ्यांच्या आंघोळी त्याच्यावर व्हायच्या. आता कल्पना करा की असा एक बंब अख्ख्या गावासाठी आहे, गावाच्या एका टोकाला, आणि तिथून जाड, ऊब धरून ठेवणारं आवरण घातलेले पाइप जमिनीखालून प्रत्येक इमारतीत गेलेत. एका पाइपाने गरम पाणी येतं, इमारतीच्या तळघरात आपली उष्णता देतं, आणि थंड होऊन दुसऱ्या पाइपाने परत जातं. शहराचं पाणी आणि तुमच्या नळाचं पाणी कधीच मिसळत नाही. मध्ये धातूच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो, हीट एक्स्चेंजर. पत्र्याच्या एका बाजूने शहराचं पाणी, दुसऱ्या बाजूने इमारतीचं. फक्त ऊब पलीकडे जाते. कडाक्याच्या थंडीत शहराचं पाणी शंभर अंशांच्याही वर तापवतात. दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही. इंग्रजीत याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात, आणि स्वीडिश शब्दाचा सरळ अर्थ आहे ‘दूरची ऊब’. मला तो जास्त आवडला.

बंबाची एक गंमत आठवतेय? त्यात लाकूड घाला, गोवऱ्या घाला, करवंट्या घाला, उसाची चिपाडं घाला. बंबाला फरक पडत नाही आणि आंघोळ करणाऱ्याला तर कळतही नाही. हे लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

ही कल्पना स्वीडनची नाही. बर्डसिल हॉली नावाच्या अमेरिकन संशोधकाने १८७७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात एका बॉयलरमधून जमिनीखालच्या पाइपांनी शेजारपाजारच्या घरांना वाफ पुरवली. १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात वाफेचा धंदा सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. हॉलिवूडच्या सिनेमात मॅनहॅटनच्या रस्त्यातून वाफा निघताना दाखवतात ना, त्यामागे हेच वाफेचं जाळं आहे. १९०३ मध्ये डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सबर्गने त्यात कचरा आणला. चारी बाजूंनी कोपनहेगनने वेढलेली ही नगरपालिका, तिला कचरा टाकायला जागाच उरली नव्हती. म्हणून त्यांनी कचरा जाळायची भट्टी बांधली आणि तिची उष्णता जवळच्या नव्या हॉस्पिटलला दिली.

स्वीडनमध्ये पहिलं शहर कार्लस्टाड, १९४८. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन लढला नाही, पण बाहेरून येणारा कोळसा आणि तेल आटलं आणि लोकांनी लाकडं जाळून थंडी काढली. युद्ध संपल्यावर इंजिनिअर मंडळींचा हिशेब साधा होता: वीज बनवताना निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते, ती फेकण्यापेक्षा घरांना विका.

मग स्टॉकहोमच्या कडेने नवी उपनगरं उठायला लागली. त्यातलं एक फार्स्टा. आणि इथं गोष्ट अशी वळते की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खोटं वाटलं. फार्स्टाची घरं अणुभट्टीने गरम केली जायची! ऑगेस्टा नावाची छोटी अणुभट्टी, डोंगर पोखरून खडकात बांधलेली, १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं चालली. वीज जेमतेम दहा मेगावॉट, उष्णता त्याच्या पाचपटीहून जास्त. ती पाइपाने थेट उपनगरात. लोक त्या उबेत टीव्ही बघत होते, पोरांना आंघोळी घालत होते. पुढे तेलाशी तुलना करता ती परवडेना, म्हणून बंद केली. फार्स्टाच्या लोकांना त्या दिवशी काय फरक पडला असेल? बंबातलं लाकूड बदललं, एवढंच.

त्याच काळात, १९६५ ते १९७४ मध्ये, स्वीडनने दहा वर्षांत दहा लाख घरं बांधायचा कार्यक्रम हाती घेतला होता. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आसपास, म्हणजे आकडा किती अचाट होता बघा. नवी वसाहत उभी राहायची तेव्हा आधी तिच्यापुरतं एक सामाईक बॉयलरघर आणि पाइपांचं छोटं जाळं व्हायचं. नंतर शेजारचं जाळं जवळ आलं की दोन्ही जोडायची. अशी बेटं जोडत जोडत शहराचं जाळं तयार झालं. आज स्टॉकहोमचं जाळं अडीच हजार किलोमीटरांहून जास्त लांब आहे.

पण या जाळ्यात त्या वेळी जळत काय होतं? तेल. जवळपास सगळीकडे तेलच. आज स्वीडनचं हिरवं-हिरवं कौतुक ऐकताना आपण हे विसरतो. १९७० च्या सुमाराला देशाची साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा आयात तेलातून येत होती. आणि मग १९७३ चा हिवाळा आला. अरब देशांनी तेल रोखलं, किमती काही महिन्यांत चौपट झाल्या.

आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घराच्या तळघरात स्वतःचा तेलाचा बॉयलर आहे. त्याला तेल सोडायचं तर बॉयलर बदलावा लागणार, पैसे काढावे लागणार, गवंडी बोलवावा लागणार. अशी लाखो घरं, लाखो निर्णय. दुसरं घर जाळ्याला जोडलेलं आहे. त्याने काहीच करायचं नाही. शहराने पाच-सात केंद्रांमध्ये इंधन बदललं की हजारो घरं एका फटक्यात तेलातून सुटली. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, बॅकएंड बदलला, आणि युझरला पत्ताही लागला नाही. (हे वाक्य मी ऑफिसात म्हटलं तेव्हा तो स्वीडिश मुलगा पहिल्यांदा हसला.)

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या बंबात काय काय गेलं! कचरा, लाकडाचा भुसा, जंगलतोडीतून उरलेल्या फांद्या, मध्ये काही काळ कोळसासुद्धा. आणि १९८६ पासून, सांडपाणी.

हे कसं होतं ते सांगायलाच हवं, कारण इथंच माझी कॉफी राहिली होती. स्टॉकहोमच्या हेन्रिक्सडाल भागात टेकडीच्या पोटात, खडक फोडून केलेल्या बोगद्यांमध्ये, मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. १९४१ चं. वर टेकडीवर लोकांचे फ्लॅट, खाली लाखो लोकांचं सांडपाणी. मी तिथं वर चालत गेलो होतो. खाली काय आहे हे सांगितलं नाही तर कळणारही नाही. हे पाणी शुद्ध झाल्यावरही कोमट असतं, कारण आपण त्यात गरम पाणी ओततो: आंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं. बाहेर उणे अकरा असलं तरी हे पाणी गोठण्याच्या बरंच वर असतं. ते समुद्रात सोडायच्या आधी हामार्बीच्या केंद्रात नेतात. तिथं हीट पंप आहेत, सात अजस्र हीट पंप.

हीट पंप म्हणजे तुमच्या घरातला फ्रीजच. फ्रीज काय करतो? आतल्या भाजीतली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. मागे हात लावलात तर गरम लागतं. इथं भाजीच्या जागी शहराचं सांडपाणी आणि मागच्या जाळीच्या जागी शहराची घरं. एक युनिट वीज घातली की साधारण तीन युनिट उष्णता मिळते. दोन युनिट सांडपाण्यातून उचललेली, एक विजेची.

पण हे पंप १९८६ लाच का आले? मला वाटलं होतं पर्यावरणाची काळजी म्हणून. तसं नव्हतं. स्वीडनने १९७२ ते १९८५ मध्ये बारा अणुभट्ट्या चालू केल्या होत्या, वीज भरपूर आणि स्वस्त झाली होती, आणि तेल महाग. स्वस्त विजेतून उष्णता कशी काढायची, या हिशेबातून ते पंप बसले. हवामानबदलाचा मुद्दा गंभीरपणे आला तो १९९१ मध्ये, जेव्हा सरकारने कार्बनवर कर लावला आणि बंबात कोळसा-तेल घालण्यापेक्षा जंगलातला काडीकचरा घालणं स्वस्त झालं.

आता हामार्बी शोस्टाडकडे या. मी राहत होतो तो भाग. नव्वदच्या दशकापर्यंत इथं कारखाने, गोदामं, पत्र्याच्या शेड आणि रसायनांनी नासलेली माती होती. स्टॉकहोमला २००४ चं ऑलिम्पिक हवं होतं. त्यासाठी इथं खेळाडूंचं गाव उभारायचं ठरलं आणि त्याला पर्यावरणाचा कडक कार्यक्रम जोडला: नेहमीच्या नव्या बांधकामापेक्षा निम्मा भार निसर्गावर टाकायचा. सप्टेंबर १९९७ मध्ये ऑलिम्पिक अथेन्सला गेलं. पण कार्यक्रम राहिला, आणि खेळाडूंऐवजी सामान्य लोकांसाठी दहा हजारांहून जास्त घरं झाली. सांडपाण्याची उष्णता घरांना, गाळातून निघालेला बायोगॅस काही घरांच्या शेगड्यांना आणि शहराच्या बसना, कचरा जळायला हगडालेनच्या केंद्रात आणि त्याची ऊब परत घरांना. जगभरातून पाहुणे बघायला येतात. ‘हामार्बी मॉडेल’ म्हणून त्याची चित्रं प्रेझेंटेशनमध्ये फिरतात. तुम्हीही कदाचित पाहिली असतील, ते गोल-गोल बाणांचं चित्र.

त्या चित्रात तारखा नसतात. हीट पंप १९८६ चे. कचऱ्याची भट्टी १९७० ची. मैलापाण्याचं केंद्र १९४१ चं. पाइपांचं जाळं त्याआधी तीस-चाळीस वर्षं वाढत आलेलं. नव्या शहराने पाइप घेतला आणि जुन्या जाळ्याला जोडला. ज्या गोष्टीसाठी ते जगात प्रसिद्ध झालं त्यातली बरीचशी, ते जन्मायच्या आधी, ‘सस्टेनेबल’ हा शब्द माहीत नसलेल्या लोकांनी बांधून ठेवली होती. माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात मोठी बातमी हीच आहे.

आणि जे खरोखर नवीन होतं तिथं गडबड झाली. घरांना वर्षाला दर चौरस मीटरमागे ६० किलोवॉट-तास एवढीच ऊर्जा लागावी असं ठरलं होतं. ते जमलं नाही. कारण? तळ्याचा व्ह्यू. बिल्डरांनी मोठमोठ्या काचा लावल्या, लोकांनी त्याचेच पैसे मोजले, आणि काचेतून ऊब पळते. माझ्याही फ्लॅटला तसली भिंतभर काच होती. रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचो, तेव्हा तक्रार करायचा हक्क मला नाही.

थंडाव्याची गोष्ट त्यामानाने छोटी आहे, पण आपल्या जास्त कामाची. सांडपाण्यातून उष्णता काढली की उरतं थंडगार पाणी. ते दुसऱ्या पाइपांनी ऑफिसांना आणि सर्व्हर रूमना पाठवायचं. १९९५ पासून स्टॉकहोम बाल्टिक समुद्राचं थंड पाणी वापरूनही इमारती गार करतं. आणि २०१७ पासून शहर डेटा सेंटरवाल्यांना उघडच सांगतं: आमच्याकडे या, तुमच्या सर्व्हरची उष्णता आम्ही विकत घेतो. मी बॅकएंड लिहितो. माझ्या एखाद्या भिकार क्वेरीने तापलेला सर्व्हर कुणाच्या तरी आंघोळीला उपयोगी पडू शकतो, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

आपल्याकडे? गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०१५ पासून अशी थंड पाण्याची सामाईक व्यवस्था चालू आहे. एका केंद्रात पाणी गार करायचं आणि जमिनीखालच्या बोगद्यातून टॉवरांना द्यायचं. तिथं ते जमलं कारण टॉवर उठायच्या आधी बोगदा आखला होता. आणि पुण्यातली माझी सोसायटी? नवी कोरी, बावीस मजले. प्रत्येक बेडरूमला स्वतंत्र स्प्लिट एसी. आमच्या डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर युनिटं आहेत, खालच्याची गरम हवा वरच्याच्या तोंडात. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे एसी ट्रिप होतात. मीटिंगमध्ये मी सामाईक थंड पाण्याचा विषय काढला तर आमच्या चेअरमन काकांनी शांतपणे विचारलं, “पाइप कुठून नेणार?” उत्तर नव्हतं. जागाच ठेवलेली नाही.

मात्र ‘दूरची ऊब’ म्हणजे स्वर्ग असंही समजू नका. तुमच्या रस्त्याखाली एकच कंपनीचा पाइप असतो. मोबाइल नंबर पोर्ट करतो तशी ऊब पोर्ट करता येत नाही. दर वाढले की चिडण्यापलीकडे फार काही हातात नसतं. म्हणूनच स्वीडनला २००८ मध्ये वेगळा कायदा करून कंपन्यांना दर उघड करायला आणि ग्राहकाशी वाटाघाटीला बसायला लावावं लागलं. दुसरं, कचऱ्याची भट्टी एकदा बांधली की तिला रोज खायला लागतं. स्वीडन बाहेरच्या देशांतून कचरा आणून जाळतो, आणि त्यात प्लास्टिक असतं, म्हणजे शेवटी तेलच. उलट बाजूला, स्टॉकहोमच्या बंबातलं कोळशाचं शेवटचं केंद्र २०२० च्या एप्रिलमध्ये बंद झालं. त्या दिवशीही कुणाच्या नळाचं पाणी थंड झालं नाही.

निघायच्या आठवड्यात मी इमारतीच्या केअरटेकरला विनंती करून तळघरातली ती खोली बघून घेतली. दोन जाड पाइप, मोठ्या सुटकेसएवढा एक ठोकळा, एक मीटर. ना ज्वाळा, ना चिमणी. आईला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा वर-खाली करून नीट पाहिलं.

“एवढंसंच? आणि अख्खी बिल्डिंग?”

“हो. म्हणजे बंब लांब आहे, इथं नुसता नळ.”

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “आणि राख कुठं काढतात?”

तीन महिने मी या विषयावर वाचत होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. शोधून दुसऱ्या दिवशी सांगितलं: हगडालेनला, जिथं कचरा जळतो तिथं. ट्रक भरभरून निघते.

“हं,” ती म्हणाली. “मामीला विचार, सगळ्यात वैताग राखेचाच असायचा.”

भेटू पुढच्या भागात.